अनंतावर वाद कसा घालावा

नैसर्गिक संख्या संपत नाहीत, हे बहुतेकांना मान्य असते. वाद पेटतो तो त्यातून पुढे काय निघते यावर. म्हणून बोलणे प्रत्येक सुट्या संख्येविषयी चालले आहे की सर्व संख्यांच्या संचाविषयी, हे आधी समोरच्याकडून वदवून घ्यावे.

‘संच अनंत आहे, तेव्हा त्यात एखादी अनंत मोठी संख्या असलीच पाहिजे’ हा युक्तिवाद हमखास पुढे येतो. 1 सांत (मर्यादित, अनंत नसलेली) आहे आणि कोणतीही संख्या सांत असेल तर तिच्यात 1 मिळवून येणारी संख्याही सांतच असते. त्यामुळे गणिती विगमनाने (1 पासून एकेक पायरी पुढे जाणाऱ्या सिद्धतेने) प्रत्येक नैसर्गिक संख्या सांत ठरते. यावर ‘मग संचही सांतच’ असे उत्तर आले, तर विगमन 1 पासून एखाद्या ठरावीक संख्येपर्यंतच्या प्रत्येक संचाविषयी बोलते, शेवटचा घटकच नसलेल्या संपूर्ण संचाविषयी नाही, हे दाखवून द्यावे.

आकारमानाचा वाद याहून जुना आहे. प्रत्येक संख्येची तिच्या वर्गाशी जोडी लावता येते, म्हणजे वर्गसंख्या नैसर्गिक संख्यांइतक्याच भरतात, हे गॅलिलिओने 1638 मध्ये मांडले. पण 10,000 पर्यंत वर्गसंख्या 100 च आहेत. दोन्ही विधाने खरी आहेत, कारण मोजमापे वेगळी आहेत. स्वतःच्याच एका भागाशी अशी जोडी लागणे हीच अनंत संचाची व्याख्या, असे जर्मन गणिती डेडेकिंडने 1888 मध्ये ठरवले. तेव्हा ‘जास्त’ म्हणजे कोणत्या मापाने, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

खरी कसोटी लागते ती जर्मन गणिती कँटरच्या 1891 च्या कर्णयुक्तीपाशी. 0 आणि 1 यांमधील वास्तव संख्यांची (न संपणाऱ्या दशांशांतही लिहिता येणाऱ्या संख्यांची) कोणतीही यादी घ्यावी. पहिल्या संख्येचा पहिला दशांश अंक, दुसरीचा दुसरा, असे अंक पाहत जावे आणि तेथे 4 असल्यास 5, अन्यथा 4 लिहावे. तयार होणारी संख्या यादीतील प्रत्येक संख्येपासून निदान एका स्थानी वेगळी असते, म्हणजे अशी कोणतीही यादी पूर्ण नसते. ‘ती यादीत घाला’ हा आक्षेप टिकत नाही, कारण नव्या यादीवरही हीच कृती चालते. ‘मग नैसर्गिक संख्यांनाही ही युक्ती लावा’ हा आक्षेप अधिक चतुर आहे, आणि (माझ्या मते) तो घेणाऱ्याचे कौतुकच करावे. त्याचे उत्तर असे की, तेथे कर्णावरून मिळणाऱ्या रांगेला न संपणारे अंक असतात, आणि प्रत्येक नैसर्गिक संख्येचे अंक मोजकेच असल्याने ती रांग नैसर्गिक संख्या नसतेच.

पूर्ण झालेला अनंत संचच न मानणारा प्रतिपक्षी मात्र चुकत नसतो. जर्मन गणिती झर्मेलोने 1908 मध्ये अनंत संचाचे अस्तित्व गृहीतक म्हणून घेतले, सिद्ध केले नाही. अशा व्यक्तीपुढे सिद्धता आपटण्याऐवजी तिला कोणते गृहीतक अमान्य आहे हे विचारावे, आणि त्याविना काय उरते यावर बोलावे.