अणुभट्टीत अपघात झाला तर खान्देशात काय करायचं: दार बंद, कुलर बंद आणि दुधावर लक्ष

काक्रापारचा अणुऊर्जा प्रकल्प गुजरातमध्ये, म्हणून आपल्याकडे त्याचा विषयच निघत नाही. पण एकदा नकाशा काढून बघा, व्याऱ्याजवळचा तो प्रकल्प नवापूरपासून सरळ रेषेत साधारण 45 किलोमीटर आहे, नंदुरबार नव्वदच्या आसपास, धुळं दीडशे आणि जळगाव सव्वादोनशेच्या पुढेमागे. 220 मेगावॅटच्या दोन भट्ट्या तिथे 1993 आणि 1995 पासून आहेत, आणि 700 मेगावॅटच्या दोन नव्या 2023 आणि 2024 मध्ये व्यावसायिक पातळीवर सुरू झाल्या. 11 मार्च 2016 ला तिथल्या एक नंबर भट्टीत, भट्टी थंड ठेवणाऱ्या जड पाण्याची गळती झाली होती, भट्टी आपोआप बंद झाली, आणीबाणी जाहीर झाली ती प्रकल्पापुरती, बाहेर धोक्याचं काही गेलं नाही. म्हणजे सुरक्षेची यंत्रणा असते आणि ती चालते. तरी आपल्याला काय करायचं ते माहीत असलेलं बरं, कारण अशा वेळी माणसं नेमकं उलटं करतात, गाडी काढतात आणि निघतात.

आधी एक भीती काढून टाका. अणुभट्टी अणुबॉम्बसारखी फुटत नाही, काक्रापारला तर नैसर्गिक युरेनियम वापरतात, त्यात ज्याचे अणू फुटतात तो भाग शंभरात एकसुद्धा नसतो. जपानच्या फुकुशिमा अणुप्रकल्पात 2011 मध्ये टीव्हीवर जे स्फोट दिसले ते हायड्रोजन वायूचे होते. खरा धोका भट्टीतून बाहेर पडणाऱ्या किरणोत्सर्गी वायूचा आणि बारीक कणांचा, जे वाऱ्यासोबत जातात आणि घरावर, गवतावर, पाण्यावर बसतात.

आता अंतराचं गणित. आपल्या देशात प्रकल्पाभोवती 16 किलोमीटरपर्यंतच्या गावांसाठी आणीबाणीचा प्लॅन आधीपासून तयार असतो, तिथून लोक हलवायचे, आयोडीनच्या गोळ्या वाटायच्या वगैरे. खान्देशातलं एकही गाव त्यात येत नाही. पण आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था मोठ्या भट्ट्यांसाठी अजून एक वर्तुळ सांगते, 300 किलोमीटरचं, आणि ते आहे खाण्यापिण्यासाठी: दूध, भाजीपाला, चारा, पावसाचं साठवलेलं पाणी. त्यात नवापूरपासून जळगाव-भुसावळपर्यंत आपण सगळे आलो. म्हणून माझं सांगणं सोपं आहे, आपल्या अंतरावर पळण्याने काही वाचत नाही, घरात थांबण्याने आणि ताटात-पेल्यात काय येतं ते बघण्याने वाचतं.

वारा कुठून आहे ते महत्त्वाचं. काक्रापार आपल्या पश्चिमेला, त्यामुळे जून ते सप्टेंबर पश्चिमेचा-नैऋत्येचा वारा असतो तेव्हा हवा तिकडून आपल्याकडे येते, थंडीत बहुतेक उलटी. आणि तापीबद्दल अफवा हमखास उठेल म्हणून आत्ताच सांगतो: तापी आपल्याकडून तिकडे वाहते, उकाई धरण वर आणि काक्रापार त्याच्या खाली, तर तिथलं पाणी नदीने उलटं चढून प्रकाशा-शिरपूरला येणार नाही. वरून पावसाने कण पडले तर गोष्ट वेगळी, ते मग उकाईच्या फुगवट्यात काय आणि गावाच्या उघड्या विहिरीत काय, सारखेच पडतील.

बातमी खरी आहे का ते आधी बघा

ग्रुपवर "काय व्हई गयं भो, लवकर निघा" असा मेसेज आला की लगेच पुढे ढकलू नका. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर 1077 आहे, तो आत्ता मोबाईलमध्ये सेव्ह करा. प्रकल्पाच्या बाहेरची आणीबाणी जाहीर करायचा आणि लोकांना काय करायचं ते सांगायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा असतो, फॉरवर्ड करणाऱ्या पाहुण्याचा नाही. आपत्तीचे इशारे देणारं सरकारचं सचेत अ‍ॅप टाकून ठेवा. आणि सेलवर चालणारा एक रेडिओ घरात पाहिजेच, लाईट गेली, टॉवर बंद पडला तरी आकाशवाणी जळगाव ऐकू येईल.

फुकुशिमाच्या वेळी चीनमध्ये लोकांनी दुकानांतून मीठ संपवलं होतं, का तर आयोडीनयुक्त मीठ खाल्लं की वाचतो म्हणे. हिशोब करून बघा. आपल्या घरच्या मिठात किलोला कमीत कमी 15 मिलिग्रॅम आयोडीन असायला लागतं, आणि किरणोत्सर्गी आयोडीनपासून वाचवणाऱ्या मोठ्या माणसाच्या एका गोळीत आयोडीन असतं 100 मिलिग्रॅम, म्हणजे एका गोळीसाठी साडेसहा किलो मीठ. त्याच्या आधी माणूस मिठानेच मरेल. जखमेवर लावायचं आयोडीन पिणं तर त्याहून वाईट, ते औषध पोटात घ्यायचं नाही आणि गळ्याला चोपडून उपयोग नाही.

आत जा, आणि नीट आत जा

"घरात थांबा" अशी सूचना आली की शेतातल्या माणसाला फोन करा, पोरांना बोलवा, गच्चीवर किंवा धाब्यावर झोपलेल्यांना खाली आणा. उन्हाळ्यात वर बिबडे, कुरडया वाळत टाकलेल्या असतील, इशारा आधी मिळाला आणि वेळ असला तरच आत घ्या, नसला तर राहू द्या, ते नंतर टाकून द्यावे लागतील, पण त्यासाठी कोणाला वर पाठवू नका.

घर कसलं आहे यावर बरंच अवलंबून असतं. जुनी धाब्याची घरं आज लोक पाडतायत, पण जाड मातीचं छत आणि रुंद भिंती रेडिएशन चांगलं अडवतात, सिमेंटचा स्लॅबसुद्धा चांगला. पत्र्याचं घर सगळ्यात कमकुवत, कण पत्र्यावर बसतात आणि पत्रा अडवत काहीच नाही. पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांनी शेजारच्या पक्क्या घरात किंवा शाळेत जावं, आणि पक्कं घर असलेल्यांनी न सांगता दार उघडावं. घरातही मधली खोली पकडा, बाहेरच्या भिंतीपासून आणि छतापासून जेवढं लांब तेवढं चांगलं, दुमजली असेल तर खालचा मजला.

खिडक्या, दारं, झरोका सगळं बंद. दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबा. धाब्याला धूर जायला भोक असतं तेही आतून झाका.

आता आपल्याकडची खास गोष्ट, कुलर. कुलर बाहेरची हवा ओढून आत फेकतो, खिडकीत लावलेला तर थेट बाहेरचीच. तो पहिल्या मिनिटाला बंद करा. एक्झॉस्ट फॅनपण बंद. छताचा पंखा चालेल, तो आतलीच हवा फिरवतो, आणि आतलीच हवा फिरवणारा स्प्लिट एसी असेल तर तोही चालेल. पण मे महिन्यात भुसावळला 45 डिग्री असताना बंद घरात कुलरशिवाय बसणं सोपं नाही, आणि इथे मला वाटतं अक्कल वापरायला पाहिजे: म्हाताऱ्या माणसाला, तान्ह्या बाळाला ओल्या फडक्याने पुसत राहा, पाणी पाजत राहा, आणि कोणी बरळायला लागलं, अंग तापून कोरडं पडलं तर 108 ला फोन करा, कारण त्या घटकेला उष्माघात रेडिएशनपेक्षा जवळचा यम आहे. असं आत थांबणं बहुतेक काही तासांचं ते एक-दोन दिवसांचं असतं, आठवडाभर नाही.

पाऊस असेल तर अजिबात भिजू नका, पाऊस हवेतले कण खाली आणतो. पन्हाळीचं पाणी भांड्यात धरू नका.

बाहेरून आलेल्या माणसाचे कपडे

नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर दिवसभर काम करून आलेलं माणूस घरात आलं की सगळ्यांना ठसका लागतो, मिरची त्या माणसात नसते, कपड्यांवर-केसांवर असते. हेही तसंच. किरणोत्सर्गी धूळ अंगावर असते, ती काढली की माणूस साफ. बाहेरचे कपडे काढले की जवळजवळ 90 टक्के धूळ तिथेच जाते. तेव्हा दाराशीच कपडे काढा, झटकू नका, शर्ट डोक्यावरून ओढू नका, शक्य असेल तर बटणं सोडून किंवा कापून काढा, पिशवीत घालून तोंड बांधा आणि माणसं-जनावरं जाणार नाहीत अशा कोपऱ्यात ठेवा. चपला बाहेरच. मग कोमट पाण्याने साबण लावून आंघोळ, केसांना शाम्पू, पण कंडिशनर नको, त्याने कण केसाला चिकटून राहतात. घासायचं नाही, कातडी सोलली तर कण आत जायला वाट होते. नाक शिंकरा, कान पुसा, नखं साफ करा. पाणी कमी असेल, आणि आपल्याकडे असतंच, तर ओल्या फडक्याने हात, तोंड, मान आणि केस पुसले तरी खूप झालं.

दूध

1986 मध्ये चेर्नोबिलच्या अपघातात सगळ्यात मोठं नुकसान मुलांचं झालं, आणि ते बरंचसं दुधामुळे. भट्टीतून आयोडीन-131 बाहेर पडतं, ते गवतावर बसतं, गाय गवत खाते, ते दुधात उतरतं, मूल दूध पितं आणि गळ्यातली थायरॉइड ग्रंथी ते ओढून घेते, कारण तिला साधं आयोडीन आणि हे आयोडीन यातला फरक कळत नाही. युक्रेन, बेलारूस, रशियाच्या त्या भागात मुलांना दूध मिळतच राहिलं आणि पुढे हजारो मुलांना थायरॉइडचा कॅन्सर झाला. पोलंडने उलट केलं, एक कोटीहून जास्त मुलांना आयोडीन पाजलं आणि लहान मुलांना ताज्या दुधाऐवजी दूध पावडर दिली.

म्हणून इशारा आला की लहान मुलांना, गरोदर बायकांना ताजं दूध, दही, ताक बंद, जोवर तपासून सांगत नाहीत तोवर. दूध पावडरचा बंद डबा किंवा आधी पॅक झालेलं दूध चालतं. आई पाजत असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरला विचारा. आणि हे घरातल्या प्रत्येकाला सांगा: दूध उकळून, पाणी उकळून, तुरटी फिरवून किरणोत्सर्ग जात नाही. जंतू मरतात, हे मरत नाही, हे फक्त वेळेने कमी होतं. आयोडीन-131 दर 8 दिवसांनी निम्मं होतं, तीन महिन्यांत जवळपास संपतं. भट्टीतूनच बाहेर पडणाऱ्या सिझियम-137 ला निम्मं व्हायलाच 30 वर्षं लागतात, म्हणून शेतमाल तपासायचं काम नंतरही चालू राहतं.

ढोरं असतील तर, वेळ असेल तोवर, चरायला गेलेली परत आणा आणि गोठ्यात बांधा. खळ्यातली कडब्याची गंजी ताडपत्रीने झाका, कुट्टीही झाका, आणि खायला द्यायचा तो आतला कोरडा कडबा, बांधावरचं हिरवं गवत नाही. हौदावर पत्रा टाका. विहिरीवरही ताडपत्री जमली तर टाका. बोअरचं पाणी, झाकलेल्या टाकीतलं, माठातलं, रांजणातलं पाणी चालतं, सूचना आली की लगेच भरून झाकून घ्या. मेथी, पोकळा, अंबाडी, कोथिंबीर अशा पालेभाज्यांवर धूळ बसते, त्या त्या दिवसांत तोडू नका. कांदे-बटाटे, घरातली डाळ, ज्वारी, भाकरी-ठेचा खुशाल खा. केळीची साल धुवून काढली की आतलं चांगलं.

गोळी आणि गाव सोडणं

पोटॅशियम आयोडाइडची गोळी थायरॉइडला आधीच भरून ठेवते म्हणून तिचा उपयोग, पण तेवढ्यापुरताच, ती बाकीच्या रेडिएशनवर काही करत नाही. मोठ्यांना 130 मिलिग्रॅमची (त्यातलं आयोडीन वर सांगितलेलं 100 मिलिग्रॅम), 3 ते 12 वर्षांच्या मुलांना निम्मी, त्याहून लहानांना अजून कमी. कण पोहोचण्याआधी 24 तासांच्या आत किंवा पोहोचल्यावर पहिल्या दोन तासांत घेतली तर सगळ्यात फायदा, आठ तासांपर्यंतही थोडा, एक दिवस उलटल्यावर घेऊ नये. चाळिशीच्या पुढच्यांना तिची फारशी गरज नसते. प्रशासनाने सांगितलं तरच घ्या, थायरॉइडचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारा.

गाव सोडायची पाळी आपल्याकडे क्वचितच येईल, आणि आली तर ती बहुतेक नवापूरच्या पट्ट्यातच. सांगितलेल्या वेळी, सांगितलेल्या रस्त्यानेच निघा. सगळे एकदम सुरत-धुळे हायवेला लागले तर कोंडाईबारी घाटात अडकतील, आणि उघड्या घाटात गाडीत बसून राहणं घरात बसण्यापेक्षा वाईट. फुकुशिमाला दीड लाखावर लोक हलवले गेले, त्यात दवाखान्यातले आणि वृद्धाश्रमातले कितीतरी पेशंट प्रवासाच्या हालाने, औषध-पाणी न मिळाल्याने गेले. म्हणून अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घाईघाईत जीपमध्ये टाकू नका, अ‍ॅम्ब्युलन्स आणि पुढचा दवाखाना ठरल्यावरच हलवा. बीपी-शुगरच्या गोळ्या, आधार कार्ड, चष्मा, बाळाची दूध पावडर एका पिशवीत भरा.

उलट जास्त शक्यता ही आहे की व्यारा-सोनगडकडची माणसं आपल्याकडे येतील, अर्ध्या घरांच्या लेकी-सुना तिकडे आहेत, नवापूर स्टेशनच दोन राज्यांत आहे. रेडिएशन लागण होणारा आजार नाही, एक्सरे काढून आलेल्या माणसाला आपण हात लावतोच ना. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लूत पांढरे सूट घातलेली माणसं आली होती, तशीच मीटर घेऊन टीम येईल, सूट बघून घाबरू नका. पाहुणे आले की दाराशी कपडे बदलायला द्या, आंघोळीला पाणी द्या, मग जेवायला वाढा. त्यांच्यासोबतचं लहान मूल असेल तर त्याचं नाव आणि अपघाताच्या दिवशी ते कुठे होतं, काय प्यायलं हे कागदावर लिहून तहसील कार्यालयात किंवा आरोग्य केंद्रात द्या, थायरॉइडची तपासणी पुढे अनेक वर्षं करावी लागते आणि तेव्हा हीच नोंद लागते.