अटकेनंतर मोफत वकील कसा मिळवावा

पोलिसांनी घरातील माणसाला ताब्यात घेतले की बहुतेक कुटुंबे प्रथम पैशांची जुळवाजुळव करू लागतात आणि त्या धावपळीत आरोपीची न्यायालयातील पहिली हजेरी वकिलाविनाच होऊन जाते. हे टाळता येते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार कोठडीत असलेली प्रत्येक व्यक्ती मोफत वकिलास पात्र असते आणि त्यासाठी तिचे उत्पन्न किती आहे, हे पाहिले जात नाही.

नातेवाइकांनी आधी पोलीस ठाण्यातून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: गुन्हा क्रमांक, लावलेली कलमे आणि तपास अधिकाऱ्याचे नाव. अटकेची कारणे आरोपीला सांगणे आणि अटकेची माहिती त्याच्या आप्ताला किंवा मित्राला देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. म्हणून ही चौकशी करताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. त्यानंतर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यावा. कार्यालय बंद असल्यास 15100 या राष्ट्रीय मदतवाहिनीवर फोन करावा. अनेक जिल्ह्यांत आता लोकअभिरक्षक कार्यालये सुरू झाली असून तेथील वकील केवळ आरोपींच्या बचावाचेच काम पाहतात.

अटकेपासून 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते. या पहिल्या हजेरीकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण पोलीस कोठडी द्यायची की नाही, याचा निर्णय बहुधा तेथेच होतो आणि कोठडीच्या मागणीला विरोध करणारे कोणी नसेल तर न्यायालयापुढे केवळ पोलिसांचीच बाजू येते. भागलपूर येथील कैद्यांना आंधळे केल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये स्पष्ट केले की, आरोपीने मागणी केली नाही तरी मोफत वकिलाचा हक्क त्याला सांगणे हे न्यायदंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. तरीही आरोपीने स्वतःहून, मोठ्याने आणि स्पष्ट शब्दांत सांगावे, "मला वकील नाही, मला सरकारी खर्चाने वकील द्यावा." मारहाण झाली असेल किंवा औषध चालू असेल, तर तेही त्याच वेळी सांगावे, म्हणजे त्याची नोंद होऊ शकते.

चौकशी सुरू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 38 ने दिला आहे. मात्र संपूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसेल, असा त्याचा अर्थ नाही. स्वतःला गुन्ह्यात गोवणारे उत्तर देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, तसेच पोलिसांपुढील कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही. कोऱ्या कागदावर मात्र कधीही सही करू नये.

अटक न होता केवळ हजर राहण्याची नोटीस आली असेल, तर ती दुर्लक्षित करू नये. दिलेल्या तारखेला न गेल्यास तेच अटकेचे कारण ठरू शकते. जामिनावर बाहेर असलेल्यांनाही मोफत वकील मिळू शकतो, परंतु तेव्हा पात्रता दाखवावी लागते. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील आणि दिव्यांग व्यक्ती अशा काही गटांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे.

मिळालेला वकील तारखांना येत नसेल, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करून दुसरा वकील मागावा. मोफत मिळाले म्हणून निमूट सोसावे, ही समजूत आरोपीचे मोठे नुकसान करते.

तुरुंगात असलेल्यांच्या नातेवाइकांनी पहिल्या रिमांडची, म्हणजे न्यायालयाने आरोपीला प्रथम कोठडीत पाठवल्याची, तारीख जपून ठेवावी. त्या दिवसापासून 60 दिवसांत, आणि मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत 90 दिवसांत, दोषारोपपत्र दाखल झाले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. परंतु त्यासाठीचा अर्ज दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वीच करावा लागतो, म्हणून मुदत जवळ येताच वकिलाला त्याची आठवण करून द्यावी.