तापल्यावर रंग बदलणारी फिल्म: आधी पाणी सांभाळा

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला रचनात्मक रंग (रंगद्रव्याने नाही, तर पदार्थाच्या सूक्ष्म रचनेमुळे दिसणारा रंग) घेतलाय आणि हाताशी पैसे बेताचे आहेत, तर हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज घ्या. गोळ्या-औषधांत वापरतात तीच पांढरी पावडर. वजनाने 60 ते 70 टक्के पावडर आणि बाकी पाणी असलं की रेणू पिळासारखे रचले जातात आणि रंगद्रव्याशिवाय रंग दिसतो. वर्बोविज आणि ग्रे या संशोधकांनी 1976 मध्येच हे मांडलं.

रेणुभार 1 लाखाच्या आसपासचा ग्रेड मागवा. 6.5 ग्रॅम कोरडी पावडर, 3.5 ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर. घोटा, झाकण घट्ट लावून काही दिवस मुरू द्या, मग बुडबुडे काढायला सेंट्रिफ्यूज करा. दोन पारदर्शक शीटमध्ये पातळ थर दाबा आणि मागे काळा कागद ठेवा. काळ्याशिवाय रंग फिकाच दिसणार, घाबरू नका.

आता खरी गोम. तापमान वाढलं की पिळाचं अंतर (एका पूर्ण पिळाची लांबी) वाढतं, रंग लालकडे सरकतो. पाणी उडालं की अंतर घटतं, रंग निळ्याकडे जातो. आपल्याकडे मराठवाड्यात एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी, की दोन्ही एकदमच घडतं. 2 ग्रॅम लगद्यातून 0.04 ग्रॅम पाणी गेलं तरी पावडरचं प्रमाण 65 वरून 66.3 टक्क्यांवर चढतं. सगळे रंग मिळून जेमतेम 10 टक्क्यांच्या पट्ट्यात बसतात, तिथे एवढा फरक फार झाला. लवचिक हवं म्हणून सिलिकॉन रबरात बंद कराल, तर त्यातून वाफ आरपार जाते. पॉलिएस्टरची शीट घ्या, कडा इपॉक्सीने बंद करा. तापवण्या-थंड करण्याच्या प्रत्येक फेरीआधी आणि नंतर फिल्मचं वजन चार दशांशांपर्यंत लिहा. थंड करून मूळ रंग परत आला तरच तो तापमानाचा परिणाम. निळसर झाला तर पाणी गेलंय.

‘मोबाइलवर फोटो काढ, झालं’ म्हणणाऱ्या सीनियरचं ऐकू नका. कॅमेरा स्वतःच रंग बदलून दाखवतो. स्पेक्ट्रोमीटर (प्रकाशाची तरंगलांबी मोजणारं यंत्र) मागा, मोजणीही एकाच कोनातून करा. कोन बदलला की रंग बदलतो. गाईड वजनाची वही मागत असतील तर नशीबवान आहात.

साधारण 40 अंशांच्या पुढे फिल्म पांढरी, गढूळ होते. परभणी-नांदेडच्या दुपारी खोलीच तिथवर जाते, म्हणून रीडिंग सकाळी, वॉटर बाथमध्ये 20 ते 36 अंशांत घ्या. पांढरी झालेली फिल्म फेकू नका, थंड झाली की निवळते.