स्कॉटिश खेड्यातलं घर जनगणनेत कसं वाचावं

नागपूरकरांना कॉलेजमुळे ठाऊक असलेले स्टीफन हिस्लॉप १८१७ साली स्कॉटलंडमधल्या डन्सला जन्मले. ६ जून १८४१ च्या जनगणनेवेळी ते २३ वर्षांचे. पण नोंदीत २० दिसू शकतात. त्या वर्षी पंधरावरचं वय खालच्या पाचाच्या पटीत लिहायचं होतं. म्हणून शोधताना वय ताणून बघा. नातंही तेव्हा लिहीत नसत. घरातली बाई बायकोच असं धरू नका, बहीण किंवा मोलकरीणही निघते.

सुरुवात १८५१ पासूनच करा. कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्माचा पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला परिसर) तिथे मिळतो. मग मागे जा. घरात राहणारे शेतगडी त्याच यादीत येतात. १८६१ पासून खिडकीवाल्या खोल्यांचा आकडा, त्यावरून ऐपत कळते. आडनावाचं स्पेलिंग मात्र गणकाच्या कानावर!