रिचर्ड बॅक्स्टरची गोष्ट चर्चच्या तरुण संघात 15 मिनिटांत कशी सांगायची

बॅक्स्टर म्हणजे सतराव्या शतकातला इंग्लंडचा पाळक, चर्चचा धर्मोपदेशक. पहिलं म्हणजे त्याच्या जन्मापासून सुरू करू नका. मी एकदा खारेगावच्या घरगुती प्रार्थनेत 1615 पासून सुरू केलं, मग राजा, पार्लमेंट, यादवी युद्ध... पाच मिनिटांत निम्मी पोरं मोबाईलमध्ये.

डायरेक्ट पलंगापासून सुरू करा. 1669 ला बॅक्स्टरला घरात उपदेश करतो म्हणून लंडनमधल्या क्लार्कनवेलच्या तुरुंगात टाकलं, तर बायको मार्गारेट पण त्याच्याबरोबर राहायला गेली, आणि जाताना घरातला चांगल्यातला पलंग घेऊन गेली! इथे कोणीतरी हमखास विचारतं, ठाणे जेलला चालेल का असं. विचारू द्या.

मग 1664 चा कायदा, सरकारी चर्चबाहेरच्या प्रार्थनासभांवर बंदी घालणारा, पण तो वाचायचा नाही, करून दाखवायचा. घरचे सोडून 16 वर्षांवरची चार जणं आत बसवा, चालतंय. पाचवा दारात चप्पल काढायला वाकला की ओरडा, झाला गुन्हा! वन बीएचकेत हे भारी जमतं. 1665 चा तर अजून वाईट, चर्चमधून बाहेर पडलेल्या पाळकाने आधी जिथे काम केलं तिथून पाच मैल म्हणजे 8 किलोमीटरच्या आत राहायचं नाही, सरकारी शपथ घेतली तरच सूट. म्हणजे ठाण्याच्या पाळकाला मुलुंडला भाड्याने खोली घ्यायची पण सोय नाही.

आता 1662 सांगा, नवं प्रार्थनापुस्तक जसंच्या तसं मान्य करा नाहीतर चर्च सोडा, आणि दोनेक हजार पाळक बाहेर पडले. पटकन सांगून पुढे.

वेळ द्यायचा तो बॅक्स्टरच्या स्वभावाला. हेरफर्डचं बिशपपद देत होते, नको म्हणाला, त्याला आपल्या जुन्या चर्चच्या गावी, किडरमिन्स्टरच्या विणकरांकडेच परत जायचं होतं आणि नेमकं तेच मिळालं नाही. पण त्याला बंडखोर हिरो करू नका हं, बाहेर काढल्यावर पण तो स्वतः पॅरिश चर्चला, म्हणजे त्या भागातल्या सरकारी चर्चला, भक्तीला जायचा, फाटाफूट त्याला बघवायची नाही. माझ्या मते खरी गोष्ट इथेच आहे.

शेवटी 1685, जज जेफ्रीजचा खटला. समोर 69 वर्षांचा आजारी म्हातारा, गुन्हा काय तर बायबलमधल्या नव्या करारावर त्याने लिहिलेल्या टिपांमध्ये बिशपांवर टीका. जेफ्रीजचा आरडाओरडा एकांकिका करणाऱ्या पोराला द्या, तो मजा आणतो, पण मग 500 मार्क (तेव्हाचं इंग्लंडमधलं पैशाचं माप) दंड आणि जवळजवळ दीड वर्षं तुरुंग हे तुम्ही हळू आवाजात सांगा.

आणि समोसे खटला संपल्याशिवाय बाहेर काढू नका, वास आला की संपलं.