पायथनने वर्डचा तक्ता भरा, पण मांडणी मोडू देऊ नका

सोसायटीच्या थकबाकीचा तक्ता दर महिन्याला हाताने भरायचा कंटाळा आला की माणूस पायथन या प्रोग्रामिंग भाषेकडे वळतो. पायथन-डॉक्स ही लायब्ररी, म्हणजे वर्डच्या फाइली हाताळणारा तयार कोड, घेतली की दहा-पंधरा ओळींत काम होतंही. पण फाइल उघडून पाहावी तर उजवीकडे लावलेल्या रकमा डावीकडे गेलेल्या, ठळक अक्षरं साधी झालेली. हे टाळायचं तर तक्ता नव्याने बांधायचा नाही, आहे त्यातली फक्त अक्षरं बदलायची.

१. आधी आत डोकावा

ऑफिस २००७ पासूनची डॉक्स फाइल म्हणजे मुळात झिप. एका प्रतीचं एक्स्टेन्शन झिप करा, उघडा आणि वर्ड नावाच्या फोल्डरातली डॉक्युमेंट ही एक्सएमएल फाइल पाहा. तक्त्यात ओळी, ओळीत चौकटी, चौकटीत परिच्छेद आणि परिच्छेदात ‘रन’ म्हणजे एकाच मांडणीचा मजकुराचा तुकडा, अशी रचना दिसेल. चौकटीचा रंग, कडा आणि रुंदी चौकटीपाशी नोंदलेली असते, डावं-उजवं परिच्छेदापाशी, तर फॉन्ट, आकार आणि ठळकपणा रनपाशी. काय कुठे असतं हे एकदा पाहिलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं.

२. सेल.टेक्स्ट वापरू नका

चौकटीतला सगळा मजकूर म्हणजे सेल.टेक्स्ट. त्याला नवी किंमत दिली की लायब्ररी चौकटीची स्वतःची नोंद तेवढी ठेवते, आतलं बाकी सगळं पुसते आणि कोरा परिच्छेद घालते. म्हणून रंग टिकतो, पण रक्कम डावीकडे पळते. त्याऐवजी सेल.पॅराग्राफ्समधला पहिला परिच्छेद, त्यातला पहिला रन घ्या आणि त्याच्या टेक्स्टमध्ये लिहा.

यात दोन अडचणी येतात. रिकाम्या चौकटीत रनच नसतो आणि कोड तिथेच आपटतो. म्हणून नमुना फाइलमध्ये, म्हणजे जी दर महिन्याला भरायची त्या मूळ फाइलमध्ये, प्रत्येक चौकटीत ‘०००’ किंवा ‘नाव’ असं काहीतरी लिहून त्यालाच हवी ती मांडणी द्या. दुसरी अडचण जास्त छळते: पडद्यावर सलग दिसणारा एकच शब्द वर्ड आत दोन-तीन रनांत तोडून ठेवतो, त्यामुळे शोधा-बदला करणाऱ्या कोडला तो सापडतच नाही. पूर्ण मजकूर पहिल्या रनमध्ये घाला आणि उरलेल्या रनांचा टेक्स्ट रिकामा करा.

३. देवनागरीची खोच

इंग्रजी उदाहरणं पाहून कोड लिहिणाऱ्यांची फसगत इथे होते. वर्डच्या लेखी देवनागरी ही ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’. तिचा फॉन्ट, आकार आणि ठळकपणा रोमन अक्षरांपेक्षा वेगळ्या खात्यात नोंदवला जातो. रन.फॉन्ट.साइझ १४ केलं तरी फक्त एसझेड हा रोमन अक्षरांच्या आकाराचा घटक बदलतो. मराठी अक्षरं एसझेडसीएस हा त्यांचा वेगळा घटक पाहतात, ती जागची हलत नाहीत. फॉन्टच्या नावाचंही तसंच. ठळकपणासाठी निदान सीएस_बोल्ड ही सोय आहे. आकारासाठी मात्र एसझेडसीएस हा घटक स्वतः जोडावा लागतो, तोही एसझेडच्या लगेच मागे, कारण एक्सएमएलमध्ये क्रमाला महत्त्व आहे. आकडा अर्ध्या पॉइंटांत द्यायचा, म्हणजे १४ पॉइंटांसाठी २८. फॉन्टसाठी, फॉन्टची नावं ठेवणाऱ्या आरफॉन्ट्स घटकाच्या सीएस या गुणधर्मात निर्मला यूआय किंवा मंगल लिहा.

माझं विचाराल तर हा खटाटोप कोडमध्ये करूच नये. नमुना फाइलमध्ये वर्डमधूनच सगळं ठरवून ठेवावं.

४. ओळ वाढवायची तर

ॲड_रो नवी ओळ जोडतो, पण ती उघडीबोडकी असते. रुंदी येते, आधीच्या ओळीतला रंग किंवा अक्षरांची मांडणी येत नाही. पायथनच्या कॉपी मॉड्यूलमधल्या, हुबेहूब प्रत काढणाऱ्या डीपकॉपीने मधल्या एखाद्या ओळीचा टीआर घटक उचला, ॲडनेक्स्टने त्याच ओळीखाली लावा आणि मग अक्षरं बदला. शीर्षकाची ओळ उचलू नका. ‘प्रत्येक पानावर पुन्हा दाखवा’ ही खूण तिच्यावर असेल तर तीही सोबत येते. उभ्या जोडलेल्या चौकटीतली ओळ उचलली तर तो जोड खाली लांबत जातो.

जोडलेल्या चौकटींचा आणखी एक त्रास म्हणजे रो.सेल्समध्ये तीच चौकट पुन्हा पुन्हा येते. बेरजेच्या ओळीत दोन रकाने जोडले असतील तर लूप तिथे दोनदा लिहितो आणि नंतरचं आधीच्यावर बसतं. चौकटीचा टीसी घटक आधी येऊन गेला असेल तर ती वगळा.

५. रुंदी आणि तपासणी

लांब नावांनी रकाने ताणले जाऊ नयेत म्हणून टेबल.ऑटोफिट बंद करा. नमुना फाइलवर कधीच सेव्ह करू नका, नाव बदलूनच करा. फाइल वर्डसोबत लिबरऑफिसमध्येही उघडून पाहा, कारण ज्याला पाठवणार त्याच्याकडे काय असेल सांगता येत नाही.

एक्सेलवर ओपनपायएक्सेल या लायब्ररीने काम करत असाल तर मामला सोपा: सेलची व्हॅल्यू बदलली तरी शैली तशीच राहते. फक्त मध्ये ओळी घालणाऱ्या इन्सर्ट_रोजपासून जपून. ओळी सरकतात, पण सूत्रांमधले पत्ते आणि जोडलेल्या चौकटी सरकत नाहीत, आणि बेरीज भलत्याच रकमांची होऊन बसते.