वॉटर पंप बदलायचाय? आधी बोअरचं पाणी ओतणं बंद करा

सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकला की गाड्या कुठंकुठं बॉनेट उघडून उभ्या दिसतात ते आपण सगळेच बघतो, आणि शेजारी एक माणूस बिसलेरीच्या बाटलीनं रेडिएटरमध्ये पाणी ओतत असतोच. मीपण तोच माणूस होतो. तीन वर्षं कूलंट (इंजिन गार ठेवणारं रंगीत द्रव) कमी झालं की घरच्या बोअरचं पाणी टाकायचो, कारण "पाणीच तर आहे की ओ". मग एकदा तुळजापूरला जाताना घाट चढायला लागलो आणि डॅशबोर्डवर लाल लाईट. आजकालच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत टेम्परेचरचा काटाच नसतो, थंड असताना निळा दिवा आणि डोक्यावरनं पाणी गेलं की लाल, मधलं काही कळतच नाही.

इंजिन असं तापायचं एक मोठं कारण म्हणजे बिघडलेला वॉटर पंप. आता हा पंप करतो काय, तर पट्ट्यावर फिरतो आणि आतल्या पंख्यानं कूलंट इंजिनमधनं रेडिएटरकडं आणि परत इंजिनात असं ढकलत राहतो. दांडा बेअरिंगवर फिरतो आणि कूलंट बेअरिंगपर्यंत जाऊ नये म्हणून मध्ये एक सील असतं. सगळं दुखणं या सीलचं. आपल्या बोअरचं पाणी किती जड आहे ते बाथरूमच्या नळावर बसलेला पांढरा थर बघा म्हणजे कळेल, तोच थर इंजिनात बसतो, सील घासतो, शिवाय नुसत्या पाण्यात गंज रोखणारं काही नसतं म्हणून पंखापण खाल्ला जातो. कूलंट अर्धं आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं असं घातलं की उकळायचा बिंदू वर जातो, आणि रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं त्यामुळं सव्वाशे डिग्रीच्या आसपास जाईपर्यंत ते उकळत नाही. म्हणून झाकणाचं रबर चिरलं असेल तर झाकण आधी बदला, पंपाच्या मानानं ते किरकोळ खर्चात होतं.

पंप बहुतेक वेळा सांगून मरतो, आपण ऐकत नाही एवढंच. पंपाच्या बॉडीला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, सील गेलं की तिथनं थेंब येतो. ते भोक मुद्दाम दिलेलंय, एमसील लावून बुजवू नका (मी असं केलेला माणूस बघितलाय, नंतर बेअरिंगच जाम झालं). थेंब दिसला नाही तरी वाळलेला हिरवा-गुलाबी डाग दिसतो. गाडी बंद करून पुली (पट्टा ज्यावर बसतो ते पंपाचं चाक) हातात धरून हलवा, जराही डुगडुगली तर बेअरिंग गेलं. घरघर, कुरकुर आवाज येणं, बॉनेटखाली गोडसर वास येणं हीपण लक्षणं आहेत. ऑईलची कांडी काढल्यावर ऑईल चहासारखं दुधाळ दिसलं तर मात्र पंप विसरा, इंजिनाच्या हेडचं पॅकिंग उडालं असणार, गाडी चालवूच नका.

बदलायला घेण्याआधी एक बघा, तुमच्या गाडीचा पंप बाहेरच्या पट्ट्यावर आहे का टायमिंग बेल्टवर (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारा पट्टा, काही गाड्यांत त्याजागी चेन असते). वॅगनआरच्या के सिरीज इंजिनाला टायमिंग चेन आहे, पंप बाहेरच्या पट्ट्यावर, म्हणून घरी जमतं. डस्टर डिझेलसारख्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवर फिरतो, तिथं टायमिंग चुकलं तर व्हॉल्व्ह वाकतात, तेव्हा मिस्त्रीकडंच द्या आणि बेल्ट बदलतानाच पंपपण बदलून घ्या, दोनदा मजुरी कशाला.

इंजिन पूर्ण थंड पाहिजे, मी रात्री लावलेली गाडी सकाळी सहाला उघडतो, उन्हाच्या आधी काम होतं. गरम असताना झाकण उघडलं तर तोंड भाजतं, आणि गरम इंजिनवर गार पाणी ओतलं तर हेड वाकतं. बॅटरीचा मायनस काढा. गाडी जॅकवर उचलली तर खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर अजिबात शिरू नका. माझ्या गाडीत उजवं पुढचं चाक काढलं की हात नीट पोचतो. कूलंट टबात काढा, गटारात सोडू नका, ते विषारी असतं आणि चव गोड असल्यानं गल्लीतली कुत्री चाटतात.

पुलीचे बोल्ट पट्टा ताणलेला असतानाच सैल करायचे, पट्टा आधी काढला तर पुली नुसती गरगर फिरते आणि तुम्ही शिव्या देत बसता. मग पट्टा काढा, फिरायची दिशा खडूनं लिहून ठेवा. पंपाचे बोल्ट लांब-आखूड असतात, पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढून ज्या जागेचा बोल्ट त्या जागी टोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागेत आवळला तर अॅल्युमिनियम फुटलंच समजा. पंपाच्या सांध्यातलं जुनं पॅकिंग (गॅस्केट) प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडायचं, स्क्रू ड्रायव्हरनं नाही, एक ओरखडा पडला तरी तिथनं गळतं. नवीन पंप हातानं फिरवून बघा, अडकायला नको. पॅकिंग नवीनच, ओ-रिंग (गोल रबरी कडं) असेल तर कूलंटमध्ये बुडवून बसवा. सिलिकॉन कंपनीनं सांगितलं असेल तिथंच आणि पातळ, जास्त थापलं तर आत सुटून रेडिएटर चोक करतं. बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळा. ६ एमएमचे असले तर साधारण १० न्यूटन मीटर पुरतं, पण आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या.

थर्मोस्टॅटचं पण बोलतो, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. मला एका गॅरेजवाल्यानं सांगितलेलं की आपल्याकडं ऊन लई, थर्मोस्टॅट काढूनच टाका. काढला. गाडी सकाळी गरमच होईना आणि पेट्रोल जास्त प्यायला लागली. बिघडला तर नवीन बसवा, काढून फेकू नका.

भरताना कूलंट हळूहळू ओता, हिरव्यात गुलाबी मिसळू नका, नुसत्या रंगावरून प्रकारपण कळत नाही, मॅन्युअल बघूनच घ्या. हीटर फुल गरमवर ठेवून गाडी चालू करा आणि रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाईप) दाबून सोडत राहा म्हणजे हवा बाहेर येते. हवा अडकली तर नवीन पंपसुद्धा फुकट. रेडिएटरचा फॅन लागेपर्यंत थांबा, झाकण लावा, गार झाल्यावर लेव्हल बघून भर घाला. रात्री गाडीखाली एक कोरा पेपर अंथरून ठेवा, सकाळी तो कोरडा असला की मगच तुळजापूरला निघा.